मागच्या सीटवरची रजई

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असतं खरं, पण ते भरून द्यायला विंचवाला बायको लागत नाही. तिच्या नवऱ्याला लागायची. लिफ्ट दुरुस्तीच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर त्यानं गाडीमागे ओढायचा एक जुना ट्रेलर घेतला. आत दोघांपुरता पलंग, शेगडी, बेसिन आणि बेसिनवर वीतभर खिडकी. हौसेनं स्वतः रंगवला, आणि तेव्हापासून एकही शनिवार घरी म्हणून काढला नाही. ‘मोकळी हवा’ हे शब्द तो देवाचं नाव घ्यावं तसे घ्यायचा.

हवा त्याची, काम तिचं. आठवडाभर ती इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरींच्या घड्या घालायची. शुक्रवारी घरी आली की ट्रेलरच्या चादरी घालायच्या, डबे भरायचे. रविवारी परतलं की त्याच चादरी धुवायला काढायच्या. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं! घरं दोन झाली होती, बाई एकच होती.

“तुलाही बदल हवाच की गं,” तो म्हणायचा. बदल एवढाच की ट्रेलरमध्ये भांडी वाकून घासावी लागत.

पुढच्या आठवड्यात चार दिवसांची जोडून सुट्टी होती आणि त्यानं जागा आधीच सांगून ठेवली होती. त्याआधी, याच खेपेला, बोलायचं असं तिनं ठरवलं होतं. मी येणार नाही. या सुट्टीला नाही आणि पुढेही नाही. शनिवारी सकाळी तळ्याकाठच्या नेहमीच्या मुक्कामावर पोचल्यावर सांगू म्हटलं, तर तो शीळ घालत चाकांखाली लाकडी ठोकळे सरकवत होता. दुपारी सांगू म्हटलं, तर तो तिची खुर्ची सावलीत ओढत होता. त्या खुर्चीवर बसायला तिला वेळ झाला नाही, ही गोष्ट वेगळी. रात्री शब्द अगदी ओठांवर आले आणि त्याचं घोरणं सुरू झालं. माणूस वाईट असता तर बरं झालं असतं, असं तिच्या मनात आलं. वाईट माणसाशी भांडता तरी येतं.

रविवारी दुपारी आवराआवर झाली. सोमवारी तिची पहाटेची पाळी असायची, म्हणून परतीच्या वाटेवर ती मागच्या सीटवर रजई ओढून पडायची. तो गाडी चालवत हळू आवाजात बोलत राहायचा आणि ती ऐकता ऐकता झोपून जायची. त्या दिवशीही तिनं उशी, रजई, पर्स मागे टाकली आणि “कचरा टाकून येते हो” म्हणून मुक्कामाच्या फाटकाकडे निघाली. तो ट्रेलर गाडीला जोडण्यात गुंतला होता. त्यानं ऐकलंच नाही.

कचरा टाकून ती वळली, तर गाडी आलीच. आपल्याला घ्यायला थांबेल, असं तिला वाटलं. पण ट्रेलर खांबाला घासू नये म्हणून त्याचे डोळे पलीकडच्या आरशात होते, आणि मागच्या सीटवर रजईचा ढीग होता. गचका बसू न देता त्यानं फाटक ओलांडलं. काच खाली होती. एक हाक पुरली असती. तिनं तोंड उघडलं आणि मिटलं.

आधी ती स्वतःलाच घाबरली. मग जवळच्या बाकावर जाऊन बसली.

“अहो ताई, साहेब विसरले की काय तुम्हाला?” राखणदार धावत आला. “फोन लावू का? नंबर सांगा.”

“नंबर पाठ आहे, पण राहू द्या. येतील ते.”

“अहो, पण...”

“येतील हो. घाई कुणाला आहे?”

डोकं खाजवत तो निघून गेला. समोर तळं होतं. इथे ती कितीतरी वेळा आली होती, पण तळं पाहिलं होतं ते भांडी घासताना, त्या वीतभर खिडकीतून. आता मीठ कुठाय, टॉवेल कुठाय, कुणी विचारत नव्हतं. तिनं पाय लांब केले. मग तिला रडू आलं. ते दमल्यामुळेच आलं, दुसरं काही नाही.

ऊन उतरल्यावर तो आला, ट्रेलर घरी सोडून. तोंडाचं पाणी पळालं होतं.

“अगं, राहिलीस कशी तू? दारात गाडी लावून ‘ऊठ, घर आलं’ म्हटलं, रजई ओढली तर खाली उशी! धाबं दणाणलं माझं. हाक नाही का मारायची?”

“नाही मारली.”

“गाडी दिसली नाही का?”

“दिसली. माझ्यासमोरून गेलात. मुद्दामच नाही मारली.”

तो बाकावर टेकला. “मला वाटलं, झोपलीयस. रेडिओसुद्धा लावला नाही. सगळे खड्डे चुकवत गेलो.”

 एरवी ती इथेच गप्प बसली असती.

“मग वाटेत केलंत काय?” तिनं विचारलं.

“तुझ्याशी बोलत होतो. सुट्टीचंच. चारच्या ऐवजी पाच दिवस राहू या का, ते विचारलं.”

“मी काय म्हणाले?”

तो उत्तर द्यायला गेला आणि अडखळला. “काहीच नाही.” मग खाली बघत म्हणाला, “मी ते हो धरलं.”

“मी येणार नाही,” ती म्हणाली. “या सुट्टीला नाही, पुढेही नाही. दमलेय हो मी.”

तो बराच वेळ काही बोलला नाही. त्याच्या गप्प बसण्याला तिनं मात्र हो धरलं नाही. उत्तर येईपर्यंत ती बाकावरून उठली नाही.