शेरवानीच्या बटणांचा स्वेटर

मित्रांनो, मी एक जुना स्वेटर आहे. मेंदीच्या रंगाचा, शुद्ध लोकरीचा आणि स्वभावाने थोडासा गर्विष्ठ. त्यातून राहणारा पनवेलचा! आमच्याकडची थंडी म्हणजे पंखा पाचवरून दोनवर आणायचा आणि सकाळी दूध घेताना एकमेकांना "आज जरा गार आहे, नाही?" असं विचारायचं. अशा गावात लोकरीच्या कपड्याला मान मिळून मिळून किती मिळणार? तरीही माझ्या वाट्याला जे भाग्य आलं, ते भल्याभल्या काश्मिरी शालींच्या वाट्याला येत नाही. तेच आज तुम्हाला सांगतो.

माझा जन्म नीताकाकूंच्या हातून झाला. तेव्हा त्या कोणाच्या काकू नव्हत्या, नुकतंच लग्न झालं होतं. त्यांच्या यजमानांची, म्हणजे कमलाकररावांची, बँकेतून थेट डेहराडूनला बदली झाली. नीताकाकूंनी तोवर विणायच्या सुया हातात धरल्या नव्हत्या. शेजारणीकडून सुलट-उलट टाके शिकून घेतले, लोकर आणली आणि बसल्या. पण लहानपणापासून त्यांच्या घरात एकच शिकवण होती, कपडा घ्यायचा तो वाढत्या मापाचा. फ्रॉक वाढत्या मापाचा, गणवेश वाढत्या मापाचा. तोच नियम त्यांनी तिशीतल्या नवऱ्याला लावला. मी तयार झालो तेव्हा कमलाकरराव माझ्या आत शिरले आणि डोकं बाहेर काढायला त्यांना वाट सापडेना.

"अगं, मी अजून वाढणार आहे का?" ते आतूनच म्हणाले.

"असू द्या हो, थंडीत आतून आणखी दोन शर्ट घालाल," नीताकाकू म्हणाल्या. पण त्यांचा आवाज रडवेला झाला होता.

कमलाकररावांनी तो ओळखला. त्यांनी माझ्या बाह्या तीनदा दुमडल्या आणि मला अंगात घालूनच ते प्रवासाला निघाले. पनवेलच्या त्या उकाड्यात! घामाने ते निथळत होते, मीही भिजून गेलो, पण गाडी सुटेपर्यंत त्यांनी मला काढलं नाही. तेव्हाच मला ते मनापासून आवडले.

डेहराडूनला माझे सोन्याचे दिवस होते. बँकेतले लोक आधी मला तंबू म्हणून हसले. मग गारांचा पाऊस झाला, वीज गेली, आणि कमलाकरराव खुर्चीवर बसून दोन्ही गुडघे माझ्यात ओढून घेऊन मजेत चहा पिऊ लागले. तेव्हा हसणाऱ्यांची तोंडं बंद झाली. कोणी माझी वीण पाहिली, कोणी लोकर कुठली ते विचारलं. मी छाती फुगवून घेतली. माझी छाती आधीच केवढी मोठी, त्यात ती फुगवलेली!

पण बदल्या संपतात, मित्रांनो. कमलाकरराव पनवेलला परत आले आणि मी माळ्यावर गेलो. डांबरगोळ्यांच्या वासात, एका पत्र्याच्या पेटीत. दरवर्षी दिवाळीच्या साफसफाईला नीताकाकू मला बाहेर काढायच्या, गच्चीवर ऊन द्यायच्या, क्षणभर मांडीवर घ्यायच्या आणि "असू दे, लागेल कधीतरी" म्हणत पुन्हा आत ठेवायच्या. ते 'कधीतरी' काही येईना. माझ्या कोपराला कसर लागून एक भोकही पडलं. कुणाच्या उपयोगी न पडता नुसतं जपलं जाणं फार वाईट असतं. मी पेटीत पडून रडायचो, पण लोकरीचं रडणं कोणाला दिसत नाही.

मग एका हिवाळ्यात रुमाना आमच्या दाराशी आली.

रुमाना बाजारपेठेमागे शिवणाचे वर्ग घेते. शिरढोणच्या बाजूला वीटभट्ट्या आहेत. उलव्याला जे टॉवर भराभर उभे राहताहेत, त्यांना लागणाऱ्या विटा तिथेही भाजतात. एकदा पहाटे त्या बाजूने जाताना रुमानाला दिसलं की भट्टीवरची मुलं गरम विटांच्या थराला पाठ लावून बसली आहेत, कारण अंगात घालायला काही नाही. उघड्या शेतातली थंडी गावातल्या थंडीसारखी नसते. तिथे दवाने सगळं भिजतं आणि वरून वारा झोंबतो. रुमानाने चार बायका जमवल्या आणि 'उबारा' सुरू केलं. घरोघरी जाऊन मुलांचे गरम कपडे मागायचे, धुवायचे, रफू करायचे, बटणं लावायची आणि भट्टीवर न्यायचे. त्याला वाटप म्हटलेलं तिला खपत नाही. ती त्याला दुकान म्हणते. दोन झाडांना दोरी बांधून कपडे टांगायचे, झाडाला एक आरसा टेकवायचा आणि मुलांनी आपापला कपडा स्वतः पसंत करायचा. फोटो काढायला सक्त बंदी.

नीताकाकूंनी मला तिच्या हातात दिलं. रुमानाने मला उलगडलं, उलगडतच गेली आणि मग जरा अडखळून म्हणाली, "काकू, आम्ही फक्त मुलांसाठी घेतो. हे तर..."

"माहीत आहे गं," नीताकाकू म्हणाल्या. "पण पेटीत मरण्यापेक्षा कोणाच्या तरी अंगावर जाऊ दे. बघ काही होतं का."

रुमानाला नाही म्हणवलं नाही. अशा रीतीने मी 'दुकानात' दाखल झालो.

त्या रविवारी भट्टीवर यंदा कधी नव्हे इतकी मुलं होती. बघता बघता दोरी रिकामी झाली. कोणी लाल जाकीट घालून आरशासमोर गिरकी घेत होता, कोणी टोपी कानापर्यंत ओढत होती. मी एकटाच टांगून राहिलो. एवढ्यात एक मुलगी धावत आली. तिचं नाव दिपिका. आठ-नऊ वर्षांची, काटकुळी, डोळे मात्र टपोरे. धाकट्या भावाला झोपवेपर्यंत तिला उशीर झाला होता. तिने रिकामी दोरी पाहिली, मग मला पाहिलं, आणि मला ओढून अंगात घातलं. मी तिच्या पायांच्याही खाली लोळायला लागलो. बाह्या तर जमीन झाडत होत्या.

"मॅक्सी! मॅक्सी!" पोरं ओरडली.

दिपिकाने त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. तिने माझ्या गळ्यात तोंड खुपसलं आणि आईला म्हणाली, "आये, लय ऊन हाय गं यात."

"ऊन हाय, पन चालशील कशी? दोन पोरी मावतील यात," आई म्हणाली. तिने मला काढून रुमानाच्या हातात दिलं. "ताई, ऱ्हाऊ द्या. हिची शालाच बंद करते मी आता."

"शाळा का बंद?" रुमानाने दचकून विचारलं.

"गेल्या साली छाती भरली व्हती हिची. दवाखान्यात ठेवली व्हती, वाचली म्हनायची. शालेचं बांधकाम चाललंय, त्यानं वर्ग सकालचं भरतान. तवा दव पडतंय नुसतं. उघड्या अंगानं मी नाय धाडनार. शाला काय, पोरीच्या जिवापरीस मोठी हाय का?"

त्या माउलीचं काय चुकलं होतं? पण दिपिकाचा चेहरा मी अगदी जवळून पाहिला. तिला नुकतीच जोडाक्षरं वाचता यायला लागली होती. विटा न्यायला आलेल्या ट्रकच्या मागे लिहिलेलं सगळं ती मोठ्याने वाचून दाखवायची. आणि हंगाम संपला की त्यांचं बिऱ्हाड भट्टीवरून हलणार होतं. आता सुटलेली शाळा पुन्हा कधी धरली जाणार होती, कोण जाणे. "मी आणते तुझ्यासाठी दुसरा," रुमाना म्हणाली खरी, पण तिच्याकडे एकही उरला नव्हता. परतीच्या वाटेवर ती बरोबरच्या बाईंना म्हणाली, "हा धुऊन ठेवू. नाहीच कामी आला, तर गॅरेजवाल्यांच्या गठ्ठ्यात टाकू, तेल पुसायला." मी ऐकलं आणि गारठलो. स्वेटर असून गारठलो!

आता माझ्या आयुष्यातला सर्वांत भयंकर आणि सर्वांत भाग्याचा प्रसंग ऐका. दुसऱ्या दिवशी सकाळी रुमाना वर्गाला निघताना तिच्या अब्बांना, जमालभाईंना, सांगून गेली, "अब्बा, धुण्यातले गरम कपडे वेगळे धुवा हां." जमालभाईंचं उभं आयुष्य कुवेतला, एका हॉटेलाच्या भटारखान्यात गेलेलं. लोकर त्यांच्या अंगाला कधी लागलेली नाही. त्यांनी आपल्या परीने विचार केला. गरम कपडे आहेत ना? मग ते गरम पाण्यातच धुवायला हवेत! त्यांनी अंगणात तीन दगड मांडले, दावतीची मोठी डेग चढवली, पाणी खळखळा उकळलं, साबणाची पूड टाकली आणि मला आत सोडलं. वरून लाकडी उलथन्याने मन लावून घोटत राहिले, अगदी खिमा परतावा तसे. मग काढून पाइपाच्या गार पाण्याखाली धरलं.

मित्रांनो, लोकरीला याहून मोठी शिक्षा नाही. माझा एकेक धागा घाबरून शेजारच्या धाग्याला बिलगला तो सुटेचना. मी आटलो, आटलो आणि आटतच गेलो. जमालभाई पिळून झाल्यावर डेगेत वाकून शोधायला लागले, "ते मोठं स्वेटर कुठे गेलं?"

रुमाना परत आली तेव्हा मी दोरीवर होतो. तिने मला झटकन खाली ओढलं. "अब्बा, हे काय केलंत! लोकर उकळतात का कधी?"

"तूच म्हणालीस ना बेटा, गरम कपडे..." जमालभाई पुटपुटले. मग त्यांना सगळं कळलं. "या अल्लाह! बिचाऱ्या बाईने हाताने विणलेलं होतं."

रुमाना सरळ मनाची मुलगी. तिने झाकपाक केली नाही, नीताकाकूंना फोन लावला. दुपारी त्या आणि कमलाकरराव दोघंही रिक्षाने आले. नीताकाकूंनी मला हातात घेतलं. जमालभाई हात जोडून म्हणाले, "नीताबहेन, मोठी गफलत झाली. माफ करा."

नीताकाकूंनी मला दाबून पाहिलं, ओढून पाहिलं. मी घोंगडीसारखा जाड आणि घट्ट झालो होतो. कोपराचं भोकसुद्धा आवळून मिटलं होतं. त्यांनी विचारलं, "रुमाना, फोनवर ज्या मुलीचं सांगितलंस, तिचा खांदा केवढा आहे गं?"

रुमानाने हाताने माप दाखवलं. नीताकाकूंनी मला त्या मापाला लावलं आणि रुमानाच्या तोंडून किंकाळीच फुटली. अगदी बेतून शिवल्यासारखा! पण आनंद क्षणभरच टिकला. माझा गळासुद्धा आटला होता, त्यातून नारळही गेला नसता, मग डोकं कसं जाणार?

"मधून कापते," नीताकाकू म्हणाल्या आणि कात्री मागितली.

"काकू, विणलेलं कापलं तर सगळं उसवत जाईल!"

"आता काय उसवतंय? धागे एकजीव झालेत. बघच तू."

कात्री गळ्यापासून खालपर्यंत चालली. मी श्वास रोखून धरला. एक धागा सुटला नाही! कमलाकररावांनी टाळ्याच वाजवल्या. आता बटणं हवी होती. जमालभाई आत गेले आणि आपली ईदची शेरवानी घेऊन आले. सोनेरी, नक्षीची बटणं होती तिला.

"अब्बा, ही नको, ही तुमची ईदची!" रुमाना म्हणाली.

"मला ती होते कुठे आता? पोट बघ माझं. काढ, काढ." त्यांनी स्वतःच धागा कापला.

त्या संध्याकाळीच आम्ही भट्टीवर पोचलो. दिपिकाच्या आईने मला हातात घेतलं, पण एकदम विश्वास ठेवला नाही. तिने मला तोंडाशी धरलं, पलीकडे तळहात लावला आणि छाती भरून फुंकर मारली. पुन्हा मारली. मग तिने तळहाताकडे पाहिलं आणि हसली.

"वारा नाय शिरत. काशिराम, हे बघ, फुकलेलं बी भाइर येत नाय!" ती नवऱ्याला म्हणाली. मग तिने दिपिकाला जवळ ओढलं, एकेक सोनेरी बटण लावलं आणि तिच्या छातीवर हात ठेवला. "जा. सकाली शालंत जा."

दिपिका नाचली नाही की ओरडली नाही. ती मला दोन्ही हातांनी घट्ट धरून ट्रकपाशी गेली आणि मागचं सगळं लिहिलेलं वाचून आली. जमालभाई रुमालाने डोळे पुसत होते आणि धूर गेला म्हणत होते.

तेव्हापासून मी रोज शाळेत जातो. दवातून जातो, वाऱ्यातून जातो. दिपिका एकदाही खोकलेली नाही. भट्टीवरची सगळी पोरं आता मला 'राजाचा कोट' म्हणतात. पण मित्रांनो, तुमच्याही घरी माळ्यावर माझे भाऊबंद असतील. त्यांना 'लागेल कधीतरी' म्हणून कोंडून ठेवू नका. धड आहेत तोवर द्या, धुऊन द्या, तुटलेलं बटण लावून द्या. एखाद्याला लगेच अंग मिळालं नाही तर निकामी ठरवू नका. त्याच्या मापाचं माणूस कुठेतरी थंडीत वाट पाहत असतं.

माझं अजून बरंच सांगायचं राहिलंय, पण आता गप्प बसायला हवं. वर्ग भरलाय. बाई हजेरी घेताहेत आणि आमचं नाव जवळ आलंय.

"दिपिका काशिराम वाघे!"

माझ्या आत एक छाती श्वासाने टम्म भरते, शेरवानीची बटणं ताणली जातात, आणि खिडकीवरच्या चिमण्या उडतील एवढ्या आवाजात ती ओरडते,

"हजर, बाई!"