तिसऱ्या वर्गाचं धरण

धरण फुटेल की नाही, हे सरकार बघतच नाही. फुटलं तर खाली कोण मरेल, तेवढंच बघतं. माणसं मरणार असतील तर पहिला वर्ग, मग मालकाने जादा पाणी बाजूने सोडायला दगडी सांडवा बांधायचा. कोणीच मरणार नसेल तर तिसरा वर्ग, आणि मालक झोपायला मोकळा.

आमच्या वाडीतल्या भाई सामंतांनी काजूच्या बागेसाठी व्हाळाचं पाणी अडवून मातीचं धरण घातलं. त्याच्या बरोब्बर खाली माझं घर. कुर्ल्यांनी, म्हणजे खेकड्यांनी, बिळं पाडून बांध पोखरलाय. पावसाळाभर माझा एकटीचा जीव टांगणीला लागलेला असतो.

ओरोसहून सरकारी साहेब धरणाचा वर्ग ठरवायला आले तेव्हा मी काजू वेचायला गेले होते. परत येऊन बघते तर ओटीवर गवत रचलेलं, तुळशीवर गवत, आणि दारात भाईंचा बैल! हा आमचा गोठा, असं भाईंनी साहेबांना सांगितलं. साहेबांनी लांबूनच मान डोलावली, भाईंकडे कोंबडी-वडे हाणले आणि तिसरा वर्ग देऊन गेले.

मी तशीच भाईंच्या दारात गेले. "भाईनू, माझ्या घराक गोठो म्हणताना लाज नाय वाटली?"

"अगो मथुरा, कागदापुरतो गो! तू काय कागदात रवतंस?"

मेल्याला वर हसू येत होतं.

पण देवाला माझी दया आली. भाईंची आई अक्का आणि बायको माई, दोघींचं बांगड्याच्या सारातल्या तिरफळांवरून वाजलं. अक्का गाठोडं घेऊन तरातरा माझ्याकडे उतरल्या. "मी आता हयच रवतलंय!"

मी त्यांना बांधाची बिळं दाखवली, वर्गाचंही सांगितलं.

"बरा झाला," अक्का म्हणाल्या. "बघूया तरी, माझ्या झिलाक म्हाताऱ्या आवशीची कितकी पडलेली आसा."

भाई हातापाया पडून गेले. अक्का हलल्या नाहीत. आभाळ भरून यायला लागलं तसा चिऱ्यांचा ट्रक आला, गवंडी आले, सांडव्याचं काम सुरू झालं. मला आनंद व्हायला हवा होता, पण रडूच आलं. इतकी वर्षं मी राहिले तर तो गोठा. म्हातारी चार दिवस राहिली आणि त्याचं घर झालं!

मग माईच आल्या, पाया पडून सासूला घेऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी गवंडी गायब. सांडवा गुडघाभर, आणि पाऊस तोंडावर.

"भाईनू, काम कित्याक थांबला?"

"अगो, वर्ग तिसरो आसा मा!"

आता मी तरी काय करू? सरळ माईंच्या चुलीपाशी जाऊन बसले आणि म्हटलं, "माई, सांगू नये, पण अक्का वाडीभर सांगतत, सुनेच्या हाताक चव नाय."

माईंनी पळी आपटली. मी घरी आले आणि अक्कांचं अंथरूण घालून ठेवलं.