लसणाचा वास

शुक्रवारी दुपारी रिसोडच्या अजितकुमारच्या घरी शाळेतल्या सभेची तयारी चालली होती. तयारी म्हणजे खोटं कसं बोलायचं, याची तालीम. खाली धान्याचं दुकान, वर राहायचं घर आणि मागं गोदाम. सकाळी मंदिर चुकायचं नाही, पाणी गाळल्याशिवाय प्यायचं नाही, दिवस मावळायच्या आत जेवण उरकायचं. अशा घरात खोटं बोलणं एरवी कोणाला रुचलं नसतं. पण लग्नाच्या बोलण्यांतलं खोटं हे खोट्यात धरायचं नाही, असा आपल्या समाजाचा एक सोयीचा नियम आहे आणि तो सगळ्या जातीधर्मांत मोठ्या निष्ठेनं पाळला जातो.

"म्हन बेटा, माझं नाव जिनल," रुचिका मुलीला सांगत होती.

सहा वर्षांची जिनल आईच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. तिची हनुवटी पुढं आली, मान ताठ झाली. "मा... मा... आं..."

"अजून एकदा म्हन. उद्या मॅडम विचारतीन."

पोरीला कळत सगळं होतं. दुकानातल्या काट्यावरचा आकडा ती बोटांनी बरोबर दाखवायची. शब्द मात्र तोंडातल्या तोंडात अडकायचे आणि जे बाहेर पडत ते घरच्यांनाच उमगत. आजीला ती 'आदी' म्हणायची. शाळेत तर तोंडच उघडत नसे. म्हणून वर्गशिक्षिका रंजीता मॅडमनी शनिवारी घरच्यांना बोलावलं होतं. वाशिमहून स्पीच थेरपीच्या बाई येणार होत्या. मुलीला तपासायचं आणि पुढं दर आठवड्याला उपचार सुरू करायचे, असं ठरायचं होतं. घरातल्या जुन्या माणसांनाही आणा, असा निरोप होता, कारण घराण्यात आणखी कोणाला असा त्रास होता का, हे त्या बाईंना विचारायचं होतं.

घोडं पेंड खात होतं ते इथंच. सभेच्या दुसऱ्याच दिवशी, रविवारी, अजितकुमारच्या धाकट्या बहिणीला, सन्मतीला, पाहायला कारंज्याचे पाहुणे येणार होते. आधीची दोन स्थळं या ना त्या कारणानं फिसकटली होती. शाळेत थेरपीसाठी जिनलचं नाव लागलं की गावभर होणार आणि 'घराण्यात खोट आहे' हा शब्द आपल्या आधी कारंज्याला जाऊन बसणार, ही अजितकुमारची धास्ती.

"थेरपी-फेरपीचं सन्मतीचं जमल्यावर पाहू," तो म्हणाला. "उद्या पोट्टी दोन-चार वाक्यं बोलली म्हंजे झालं. अन् घराण्याचं विचारलं त कोनीच नाई म्हनायचं. आई, तुले विचारतीन बरं का. काय सांगशीन?"

प्रेमाबाई खिडकीपाशी सुपात डाळ घेऊन निवडत बसल्या होत्या.

"कोनी नव्हतं म्हनीन," त्या म्हणाल्या.

आणि त्यांना लसणाचा वास आला.

ज्या घरात कधी लसणाची पाकळी शिरली नव्हती, त्या घरात हा वास त्यांना लग्न होऊन आल्याच्या दुसऱ्या वर्षापासून येत होता. कधी पूजेला बसल्यावर, कधी कोणी नुसतं दार ओढून घेतलं की. सुरुवातीला त्या घरातले डबेन् डबे उघडून बघायच्या, शेजारणींना विचारायच्या. लोक हसायला लागले तेव्हा विचारणं बंद केलं. आताही त्यांनी चोरून सुनेकडे पाहिलं. रुचिकाला काही जाणवलं नव्हतं.

नातीसाठी प्रेमाबाईंनी काय केलं नव्हतं? वेखंड मधात उगाळून जिभेला लावलं होतं. पोपटानं टोचलेला पेरू खाल्ला की मूल बोलतं म्हणून बागवानाकडून उष्टे पेरू मागून आणले होते. पेरू जिनलला फार आवडले, बोलणं काही सुधारलं नाही. जीव होता त्यांचा पोरीवर. पण त्या मायेपोटीच, लोकांनी पोरीला हसू नये म्हणून, त्यांनी तिला आणखी एक गोष्ट शिकवून ठेवली होती.

जिन्यात चपला वाजल्या. जिनलनं झटकन ओठांवर बोट ठेवलं, दुसऱ्या हातानं आपली मुरमुऱ्यांची वाटी उचलली आणि दाराआड जाऊन उभी राहिली. तिला कोणी काही सांगितलं नव्हतं.

आला होता तो दुकानातला हमाल जगदेव. "मालक, मांगच्या गोदामात तुरीले कीड लागली. गोळ्या ठेवून आज बंद करून टाकू का?"

"सोमवारी कर," अजितकुमार म्हणाला. "रविवारी पाहुने येऊन राह्यले. तेवढ्यापुरती पोट्टी मांगं बसवतो, मोबाईल देऊन. घंट्याभराचं त काम हाय."

प्रेमाबाईंच्या हातून सूप निसटलं. डाळ खोलीभर पसरली.

दाराच्या फटीतून जिनल त्यांच्याकडे बघत होती, बोट अजून ओठांवरच. आणि प्रेमाबाईंना ती जिनल दिसली नाही. त्यांना राजुल दिसली.

राजुल त्यांची थोरली नणंद. जन्मापासून बोलत नसे. तिला ऐकू येतं का, याचा तपास कधी कोणी केला नाही. काही हवं असलं की पितळेची वाटी फरशीवर वाजवायची. पाणी हवं, वाजव वाटी. वेणी घालून हवी, वाजव वाटी. प्रेमाबाई नवी सून म्हणून आल्या तेव्हा घरात त्यांच्याशी मनापासून हसणारं माणूस एकच होतं, ते राजुल. वरातीच्या बँडवर ती आतल्या खोलीत एकटीच नाचली होती, कारण बाहेर यायची तिला परवानगी नव्हती. धान्याच्या धंद्यात काही लोक डागी माल पोत्याच्या तळाशी घालतात आणि वर चांगला दाणा पसरतात. त्या घरानं राजुलला तसंच तळाशी घातलं होतं, म्हणजे तिच्या धाकट्या बहिणीचं लग्न चांगल्या घरी होईल.

धाकटीला पाहायला पाहुणे आले, त्या दिवशी सासू म्हणाली, "प्रेमा, राजुलले मांगं नेऊन बसव. वाटी वाजवू नोको म्हन तिले." नव्या सुनेनं ऐकलं. राजुलला गोदामात पोत्यांच्या आड बसवलं, वाटीत मुरमुरे दिले आणि ओठांवर बोट ठेवून दाखवलं. राजुलला तो खेळ वाटला असावा. तिनंही हसत ओठांवर बोट ठेवलं. प्रेमानं दार ओढून घेतलं.

किडीच्या गोळ्या ठेवून गोदाम बंद करा, असं सासऱ्यांनी हमालांना सकाळीच सांगून ठेवलं होतं, हे बायकांना ठाऊक नव्हतं. राजुल आत आहे, हे पुरुषांना ठाऊक नव्हतं. लपवलेल्या माणसाविषयी त्या घरात कोणी कोणाशी बोलतच नसे. हमाल रस्त्याच्या बाजूनं आले, दारालगतच्या थप्पीत गोळ्या ठेवल्या, दोन्ही दारं लावून फटी चिखलानं लिंपल्या आणि गेले. त्या गोळ्यांचा वायू जहरी असतो आणि त्याला लसणासारखा वास येतो.

पाहुण्यांना पोहे आवडले, मुलगीही आवडली. संध्याकाळी ते गेल्यावर मागचं दार उघडलं, तेव्हा राजुल गेली होती.

गोळ्या ठेवताना पोत्यांपलीकडे हमाल उभे होते, तेव्हा ती जिवंत होती. घोटभर पाण्यासाठी घर डोक्यावर घेणारी ती मुलगी, तिच्याजवळ पितळेची वाटी होती, फरशी होती, हात होते. तिनं एकदाही वाजवली नाही. वाटी तिच्या मांडीवर पालथी पडलेली होती. प्रेमानं गप्प राहा म्हटलं होतं, म्हणून राजुल गप्प राहिली.

गावाला सांगितलं, झटका आला. सुतक फिटलं आणि धाकटीचं लग्न लागलं. भिंतीवर राजुलचा फोटो कधी चढलाच नाही. अजितकुमारला एवढंच माहीत होतं, की आपली एक आत्या तरुणपणीच गेली.

जगदेव निघून गेल्यावर प्रेमाबाईंनी नातीला जवळ ओढलं. "असं बोट ठेवाले कोनं शिकवलं तुले?" त्यांनी विचारलं. उत्तर माहीत असूनही विचारलं. जिनलनं ओठांवरचं बोट काढलं आणि आजीकडे दाखवलं.

शनिवारी सकाळी शाळेच्या ऑफिसात सगळे बसले. पाठ केलेली वाक्यं कामाला आली नाहीत. अनोळखी बाई समोर दिसताच जिनलनं ओठांवर बोट ठेवलं आणि ती आईच्या पदराआड गेली.

"ही असं का करते?" थेरपीच्या बाईंनी विचारलं.

"शाळेतच शिकली असन," अजितकुमार म्हणाला. "गप्प बसा म्हनतेत ना वर्गात."

"आमच्या वर्गात मी तिला बोल, बोल म्हणून थकले," रंजीता मॅडम म्हणाल्या.

बाईंनी विषय वाढवला नाही. "बरं, घराण्यात अजून कोणाला बोलण्याचा, ऐकण्याचा त्रास होता का?"

"नाई. कोनीच नाई," अजितकुमारनं सांगितलं आणि आईकडे पाहिलं.

ऑफिसात फिनाईलचा वास होता. त्यातूनही तो दुसरा वास वर आला. नाही म्हणायला एक शब्द पुरला असता. मुलाची अब्रू राहिली असती, लेकीचं स्थळ राहिलं असतं, आणि रविवारी मागचं दार ओढून घेतलं गेलं असतं.

"होती," त्या म्हणाल्या. "माही नणंद. राजुल तिचं नाव."

ते नाव उच्चारताना त्यांचे ओठ नातीसारखेच अडखळले. मग मात्र त्या थांबल्या नाहीत. वाटी, मुरमुरे, पोती, गोळ्या, सगळं सांगितलं. रुचिकानं जिनलला पोटाशी घट्ट धरलं होतं. अजितकुमारचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"आई, तू इतकी वर्षं कधी बोलली काहून नाई?"

"बोलता येत होतं मले, तरी नाई बोलली," प्रेमाबाई म्हणाल्या. "तिले येत नव्हतं. अन् आता या लेकराले मीच गप्प करून राह्यली होती. मॅडम, हिचं जे काय करा लागते ते आजच्या आज सुरू करा."

थेरपीच्या बाईंनी राजुलचं नाव कागदावर लिहून घेतलं. मग त्यांनी समजावून सांगितलं. आधी कानांची तपासणी करू. राजुलला होतं म्हणून हिला झालं, असं आज कोणी सांगू शकत नाही. पण लपवून ठेवलेलं मूल बोलायला शिकत नाही, हे नक्की. घरी करायला त्यांनी पहिला शब्द दिला तो 'या'. लहान शब्द, सोपा, आणि ज्याला उत्तर म्हणून माणूस येतं असा. घरी कोणी आलं की जिनलनं पुढं होऊन म्हणायचं.

"आणि ते ओठांवरचं बोट आजपासून बंद," त्या म्हणाल्या.

घरी आल्यावर सन्मतीला सगळं कळलं. अजितकुमार डोकं धरून बसला होता. "आता कारंज्याच्या लोकाइले काय सांगू?"

"जे हाय ते सांग, दादा," सन्मती म्हणाली. "तुटलं त तुटलं. उद्या माह्या पोटी असं लेकरू झालं, त ते लोक त्याले कोठं ठेवतीन? मले ते आधी समजू दे. एका आत्याच्या लग्नापाई दुसरी गेली. माह्या लग्नापाई हे लेकरू मांगं बसनार नाई."

अजितकुमार उठला आणि खाली दुकानात गेला. त्या दिवशी तो उशिरापर्यंत गोदामाच्या दारापाशी उभा होता.

रविवार उजाडला. पोहे झाले, खुर्च्या मांडल्या. सन्मती साडी नेसून तयार झाली. प्रेमाबाईंनी नातीला नवा फ्रॉक घातला, दोन वेण्या घातल्या आणि बैठकीच्या खोलीत, सगळ्यांत पुढं, मांडीवर घेऊन बसल्या. मागच्या गोदामाला त्यांनी स्वतः कुलूप लावलं होतं आणि किल्ली कमरेला खोचली होती.

खाली गाडी थांबली. अजितकुमारचा धीर अजूनही सुटत होता. माणूस एका रात्रीत सुधारत नाही. "आई," तो हळूच म्हणाला, "निदान पहिल्या भेटीले तरी तिले आत..."

"नाई," प्रेमाबाई म्हणाल्या.

जिन्यात चपला वाजल्या. जिनलचं बोट आपसूक ओठांकडे गेलं आणि ती मांडीवरून उठायला लागली. प्रेमाबाईंनी ते बोट हलकेच खाली घेतलं आणि आपल्या मुठीत धरलं.

"काय म्हनाचं असते, बेटा? कोनी आलं त?"

जिनलची हनुवटी पुढं आली, मान ताठ झाली, डोळ्यांत पाणी आलं.

"याआ... या!"

वेडावाकडा, घोगरा, उंच आवाज. तो जिन्यातून खाली दुकानापर्यंत गेला असेल. वर चढणाऱ्या चपला मधेच थांबल्या.

लसणाचा वास प्रेमाबाईंना आत्ताही येत होता. तो आता जन्मभर जाणार नाही, हे त्यांना कळून चुकलं होतं. त्यांनी नातीला पोटाशी धरलं आणि थांबलेल्या जिन्याकडे बघत म्हणाल्या,

"अजून जोरानं म्हन, माय. अजून जोरानं."