मला आता बंद करा

मित्रांनो, मी एक जुनी मोटर आहे. पण मला वाचवा, असं सांगायला मी आलेले नाही. उलट मला कुणी सोडतच नाही, हे माझं दुःख आहे.

चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत श्रीनिवासरावांचा प्लास्टिकच्या वस्तू बनवण्याचा कारखाना आहे. तिथल्या यंत्रांना गार पाणी पुरवणारा पंप मी फिरवायची. नवी होते तेव्हा माझा आवाज एकसुरी असे, अंगही फारसं तापत नसे. खंडेनवमीला पहिला हार मलाच घालत. ही आपली लक्ष्मी, असं श्रीनिवासराव पाहुण्यांना सांगत आणि मी फुलून जाई.

मग एका उन्हाळ्यात मी जळाले. माझ्यातली तांब्याची तार काढून नवी भरली. मी फिरू लागले, सगळे खूश झाले. पुन्हा जळाले, पुन्हा भरली. दर वेळी घाईघाईत, जमेल तशी. प्रत्येक वेळी माझ्यातलं काहीतरी कमी होत गेलं. पाणी तेवढंच ढकलायचं, पण वीज मात्र जास्त ओढायची, असं माझं होऊन बसलं. ती जास्तीची वीज जाणार कुठे? उष्णता होऊन माझ्या अंगातून बाहेर पडायची.

ती सोसायची सुलेखाताईंनी. त्या मुकुंदवाडीहून कामाला येत आणि त्यांचं यंत्र माझ्या अगदी शेजारी होतं. वर पत्रा, बाजूला मी. ओला रुमाल मानेवर ठेवून त्या पाळी काढत.

यंत्रांची देखभाल बघणाऱ्या नीरजा मॅडमनी एकदा मीटर लावून मला तपासलं. ही काम तेवढंच करते आणि वीज मात्र जास्त खाते, कमी विजेवर चालणारी नवी मोटर घेऊ, असं त्यांनी श्रीनिवासरावांना सांगितलं.

"चालतेय ना? मग कशाला हात लावायचा?" ते म्हणाले.

मॅडमनी पिच्छा सोडला नाही. अखेर नवी मोटर आली. लाकडी खोक्यातली. मला वाटलं, सुटले. पण मला काढायचं म्हणजे पंप बंद, पंप बंद म्हणजे सगळी यंत्रं बंद, आणि माल तर तातडीचा. रविवारी बदलू, असं ठरे. रविवारी जादा काम निघे. खोक्यावर लोक डबे ठेवू लागले.

मित्रांनो, माझा किती संताप व्हायचा! पण मला ओरडता येत नव्हतं. मी नुसती घरघरायची, आणि घरघर ऐकली की कुणीतरी येऊन मला ग्रीस लावून जाई.

मे महिन्यातल्या एका दुपारी सुलेखाताई यंत्रासमोरच कोसळल्या. नीरजा मॅडमनी त्यांना उचलून दाराशी वाऱ्यावर नेलं, पाणी पाजलं. त्या शुद्धीवर आल्यावर मॅडम परत आल्या आणि त्यांनी माझं बटण दाबलं. सगळा कारखाना गप्प झाला. श्रीनिवासराव धावत आले. आज माल जायचाय, म्हणाले.

"सर, ही आता चालू होणार नाही. नवी बसेपर्यंत काम बंद."

दाराशी बसलेल्या सुलेखाताई हळूच बोलल्या, "साहेब, माणूस पडल्याबिगर इथं काम बंद होत नाय का?"

श्रीनिवासरावांनी खोक्यावरचे डबे स्वतः बाजूला केले. मग त्यांनी खोकं उघडायला सांगितलं.

संध्याकाळी नवी मोटर फिरू लागली. एवढंच तर काम होतं, एका दुपारचं! त्यासाठी किती उन्हाळे गेले आणि किती वीज मी फुकट जाळली! नवीचा आवाज इतका हलका, की दुसऱ्या दिवशी सुलेखाताईंनी ती चालू आहे की नाही, हे हात लावून पाहिलं.

इथं माझी गोष्ट संपायला हवी होती. पण मला भंगारात न देता श्रीनिवासरावांनी बिडकीनच्या एका कारखानदाराला विकलं. तो मला बघून म्हणाला, "अजून लई वर्षं चालंल ही."

आता मी टेम्पोत आहे. मित्रांनो, जुन्या वस्तू जपाव्यात, हे खरंच. पण माझ्यासारखीला जपू नका. मला वितळवा. माझं तांबं, माझं लोखंड एखाद्या नव्या मोटरच्या कामी येऊ द्या. जरा लवकर करा. तिकडे बिडकीनलाही माझ्याशेजारी उभं राहून कुणीतरी काम करणार आहे.