मागे न वळणारी गाडी

प्रितमने नवी गाडी घेतलीय, हत्तीएवढी, आणि मी म्हटलं, पुण्याला रेल्वेने जायचं. पोरगा तोंड पाडून बसला. त्याला सांगितलं, एसीत मला मळमळतं. खोटं सांगितलं. एसीत मला झोप लागते.

खरं कारण त्याचा बाप, धाकूशेठ. आमची लेक दर्शना दोन वर्षांमागे स्वतःच्या मनाने, जातीबाहेर लग्न करून पुण्याला गेली. अख्ख्या बाळकूम गावात त्याच्या शब्दाला मान, आणि घरातल्या पोरीने विचारलंसुद्धा नाय, हे म्हाताऱ्याच्या मनाला लागलेलं. दोनदा मी रडून-भांडून त्याला गाडीत बसवलेलं. पहिल्यांदा दिवाळीला. खोपोलीला चहा प्यायला उतरला आणि म्हणाला, प्रितम, गाडी वळव. दुसऱ्यांदा तिच्या डोहाळजेवणाला. तेव्हा तर लोणावळा आलेलं. परत तेच, गाडी वळव. बापापुढे पोरगा काय बोलणार? मी मांडीवर ओटीचं सामान घेऊन गपगुमान घरी. तिकडे पोर दोन्ही वेळा जेवण बनवून वाट बघत बसलेली. जीव तुटला माझा.

आता तिला मुलगी झाली. बारशाला जायचंच, मग काय व्हायचं ते होवो. पण या वेळी दर्शनाला कळवलंच नाय.

पुतण्या मितेश म्हणाला, काकी, बसने जा. डोंबलाची बस. ड्रायव्हरला दम देऊन हा माणूस भर घाटातसुद्धा उतरेल. ठाण्याहून पुण्याला विमान असतं ना, तर मी तेच काढायला लावलं असतं. वरून कुठे उतरतोय? ते नाय, म्हणून रेल्वे; ती कोणी सांगून वळत नाय. दोघांची दोन तिकिटं. प्रितम रुसला, आलाच नाय.

म्हातारा मुकाट बसला. डोंबिवली गेली, ठाकुर्ली गेली, कल्याण गेलं, हा आपला खिडकीबाहेर बघतोय. मी मनातल्या मनात खूश. आणि कर्जत आलं. गाडी इथे थांबते हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. घाट चढायला मागून इंजिन लावतात म्हणे. म्हातारा उठला, पिशवी उचलली.

"चल तुळसा. आपलं काय काम तिकडे," म्हणाला आणि उतरलासुद्धा.

फलाटावरून माझ्याकडे बघत उभा राहिला. लग्न झाल्यापासून तो उतरला की मी उतरायची. आताही पाय आपोआप हलले, अर्धी उठलेही. मग काय झालं काय माहीत, परत बसले. खिडकीकडे बघितलंच नाय. बघितलं असतं तर उतरले असते.

गाडी सुटली. एकटी मी कधी कल्याणच्या पुढे गेलेले नाय. फोन म्हाताऱ्याच्या खिशात. त्याच्या बीपीच्या गोळ्या माझ्या पर्समध्ये. पोरीचं घर कुठल्या गल्लीत, देव जाणे. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पदराने पुसत राहिले.

पहिला बोगदा गेला, आणि मागच्या डब्यातून सीटा धरत धरत कोणीतरी आलं. म्हातारा. घामाने भिजलेला, धाप लागलेली. येऊन शेजारी बसला. मी आधी गोळी दिली, पाणी दिलं.

"तुम्ही नसता आलात तरी मी जाणार होते," मी म्हटलं.

"दिसलं ते मला," तो म्हणाला. "म्हणून तर चढलो."