गारठ्यात काही बिघडत नाही

प्रज्ञाच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे तिची आई सगळ्या गावाला सांगायची. दुबईत जबल अलीच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये नोकरीला लागल्यावरही त्यात फरक पडला नाही. दर रविवारी ती मुंबईच्या धाकट्या बहिणीला, हेमाला, फोनवर अख्खं ऑफिस ऐकवायची. हेमा रोजच्या मालिकेचे संवाद लिहायची आणि मालिकाही नेमकी कोल्ड स्टोरेजमधलीच. कुणाची भांडणं, कुणाची लफडी, सगळं तिकडे पोचायचं. आपलंच ऑफिस टीव्हीवर साड्या नेसून वावरताना बघून प्रज्ञाला हसू आवरायचं नाही.

मग एका रविवारी ती नको ते बोलून गेली. मॅनेजर परेश सर मुदत संपलेल्या कोंबडीवर नव्या तारखांची लेबलं चिकटवून घेतात. कुणी कुरकुरलं, तर टायने चष्मा पुसत म्हणतात, "अहो, गारठ्यात काही बिघडत नाही."

हेमाने मालिकेतल्या खलनायकाला ती लेबलं दिली, तो चष्मा दिला आणि ते वाक्यही जसंच्या तसं दिलं. यालाच म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

संक्रांतीला परेशकडे हळदीकुंकू होतं. त्याची आई मुक्ताबाई मोठी हौशी, मालिकेचा एक भाग चुकवायची नाही. प्रज्ञाला कुंकू लावता लावता ती भर हॉलमध्ये म्हणाली, "अगो, तो मेला खलनायक अगदी आमच्या परेशसारखा! फ्रिजमधलं शिळं खाताना हा अस्संच म्हणतो. तुझी बहीणच लिहिते ना गं ती?"

बायका खळखळून हसल्या. तिळगुळाचा डबा घेऊन परेश तिथेच उभा होता. तोही हसला, पण सगळ्यांच्या नंतर. मग प्रज्ञाच्या तळहातावर एक वडी ठेवत म्हणाला, "तिळगूळ घ्या, प्रज्ञा मॅडम. गोड बोला."

प्रज्ञाने ती वडी न खाताच रुमालात गुंडाळली.

त्यानंतर परेश रागावला असता तर परवडलं असतं. तो नुसता गोड वागायला लागला. रोज सकाळी टेबलापाशी येऊन विचारायचा, "आज काय दाखवणार तुमची बहीण?" प्रज्ञाच्या नवऱ्याची नोकरी गेलेली होती आणि घरातल्या सगळ्यांचे व्हिसा तिच्या नोकरीवर टिकून होते. तक्रार करायची तरी कुठल्या तोंडाने? तिने घाबरून हेमाला फोन लावला.

"ते लेबलांचं प्रकरण खलास कर, हेमा. तुझ्या पाया पडते."

"ताई, आता कसं? टीआरपी चढलाय. शूटसुद्धा झालंय. ज्या क्लार्क मुलीने बाहेर सांगितलं ना, ती फ्रीझरमध्ये अडकते. दार आतून उघडायचा खटका खलनायकाने आधीच काढून ठेवलेला असतो."

"मग तिला बाहेर कोण काढतं?"

"ते अजून लिहिलं नाही गं."

आपलेच दात, आपलेच ओठ. प्रज्ञाने फोन ठेवला.

दोन दिवसांनी तो प्रसंग टीव्हीवर दाखवला. दुसऱ्या दिवशी सकाळी परेशने तिला मोठ्या फ्रीझरपाशी बोलावलं. फोर्कलिफ्टवाल्या रॉबिनला त्याने चहाला पाठवून दिलं होतं. दार सताड उघडं होतं आणि आतली वाफ फरशीवरून बाहेर सरकत होती. परेशच्या हातात जाड जॅकेट होतं.

"ऑडिट आहे. आतला स्टॉक एकदा बघून या. यल्ला, चला लवकर."

प्रज्ञाने आधी दाराची आतली बाजू पाहिली. जिथे हिरवा खटका असायचा, तिथे स्क्रूची भोकं होती.

"मेंटेनन्सला दिलाय," परेश म्हणाला.

"सर, मी कुणाला काही बोलणार नाही. शप्पथ."

परेशने टायने चष्मा पुसला. "अहो, घाबरताय काय? गारठ्यात काही बिघडत नाही. पण एक सांगा, आईला कालपासून चैन नाही. त्या मुलीला बाहेर कोण काढतं?"

प्रज्ञाने पुन्हा त्या स्क्रूच्या भोकांकडे पाहिलं.

"ते अजून... लिहिलं नाही."

"बरं," असं म्हणत परेशने जॅकेट तिच्या खांद्यावर घातलं आणि दार धरून उभा राहिला.