गूस्कीनो गावचा पापड

मित्रांनो, आल्याआल्या नाक मुरडू नका. माझ्या अंगाला साबुदाण्याचा वास येतो, हे मला ठाऊक आहे. मी एक जुना नकाशा आहे, मेणकापडावर छापलेला, आणि माझ्या अंगावर रशियातला एक अख्खा जिल्हा आहे. त्याचं नाव वेर्खोल्येस्क.

जिल्हा म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे कलेक्टर कचेरी आणि गर्दी येत असेल. छे! आमचा जिल्हा पाच हजार चौरस किलोमीटरचा, आणि माणसं किती? चार हजार! म्हणजे माणशी सव्वा चौरस किलोमीटर जंगल, वर दलदल फुकट. कारभार मात्र बघत राहावा असा. गावं एकशे बारा, त्यांतली एकेचाळीस ओस, पण कागदोपत्री ठणठणीत. दर जानेवारीत झोया पेत्रोव्ना या कारकूनबाई प्रत्येक ओस गावाचा वेगळा अहवाल भरायच्या. लोकसंख्या शून्य, जन्म शून्य, तक्रारी शून्य. मग शिक्का मारून निवांत चहा प्यायच्या.

मला छापताना एक गाव राहून गेलं होतं, गूस्कीनो. नदीच्या वळणावरची दोन घरं, तीही कुलूपबंद. झोयाबाईंना ते काही सहन होईना. त्यांनी जांभळ्या शाईने, स्वतःच्या हाताने, ते नाव माझ्यावर लिहिलं. पुढे सात ग्रामपरिषदा मोडून एकच झाली आणि ओस गावं यादीतून काढा, असा हुकूम आला. नव्या नकाशांत गूस्कीनो नव्हतंच. ते आता फक्त माझ्यावर उरलं होतं.

"एवढं सांभाळ हो," बाईंनी मला बजावलं. तेव्हापासून माझा सगळा जीव त्या सात रशियन अक्षरांत अडकला.

त्याच सुमारास ओहायोतल्या डब्लिनहून विवेककाका आमच्याकडे लाकूडगिरणीची यंत्रं बसवायला आले होते. जुने नकाशे शेगडीत जाणार असं कळताच त्यांनी मला मागून घेतलं आणि थेट अमेरिकेला आणलं. त्यांच्या बेसमेंटच्या भिंतीवर मी वीस वर्षं लटकलो. काय थाट होता माझा! काका पाहुण्यांना धरून आणायचे आणि "आमच्या जिल्ह्यात" अशी सुरुवात करायचे. पाहुणे "ट्रॅफिक लागेल यार," म्हणत जिना गाठायचे.

"अहो, चार हजार माणसांचं काय एवढं कौतुक?" रेखाकाकू वैतागायच्या. "आपल्या दिवाळी पार्टीला पार्किंगमध्येच तेवढी सापडतील."

पुढे काका रिटायर झाले, गुडघे कुरकुरायला लागले आणि बेसमेंटचा जिना नकोसा झाला. माझ्यावर धूळ साचली. मला वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू?

मागच्या जुलैत काका लेकीकडे, आसावरीकडे, बेलव्ह्यूला गेले. इकडे काकूंनी साबुदाण्याच्या पळीपापडांचा घाट घातला आणि ऐनवेळी त्यांचा प्लास्टिकचा कागद फाटलेला निघाला.

"हे मेणकापडच आहे की! पुसलं की स्वच्छ," असं म्हणून काकूंनी मला भिंतीवरून उतरवलं, पुसलं आणि डेकवर उन्हात अंथरलं. मग पळीने पापड घालायला सुरुवात केली. एका सकाळीत माझ्यावर ऐंशी पापड! इतकी वस्ती त्या जिल्ह्यात कित्येक वर्षांत वाढली नव्हती. आणि त्यातला एक, गरमागरम, चिकट, नेमका गूस्कीनोवर पडला. जांभळी शाई सुटायला लागली. मला ती सुटताना कळत होती, पण नकाशाने ओरडायचं कसं?

तिसऱ्या दिवशी काकू पोहण्याच्या तलावावर व्यायामाला गेल्या. तिथली त्यांची मैत्रीण गालिना, वय शहात्तर, मूळची रशियन. काकूंनी सहज सांगितलं, "तुमच्या रशियातल्या एका जिल्ह्यावर पापड घातलेत."

"कुठला जिल्हा?"

"वेर्खोल्येस्क. माणसं चार हजार, ओस गावं एकेचाळीस," काकूंनी घडाघडा सांगितलं. वीस वर्षं कानांवर पडलेलं कुठे जाणार?

गालिना ओल्या केसांनिशी तशीच घरी आली. योगायोग म्हणा, ती गूस्कीनोचीच! तिची नातवंडं फोनवर शोधायची आणि म्हणायची, "ग्रँडमा, देअर इज नथिंग देअर." गाव तिने मनानेच रचलंय, असा त्यांचा समज झाला होता. अलीकडे तिलाही शंका यायला लागली होती.

काकूंनी भराभर पापड सोडवून ताटात टाकले. नदीचं वळण दिसलं. तिथे काहीच नव्हतं, नुसता पांढरा डाग. गालिना डागावर बोट ठेवून उभी राहिली. मी सांगतो मित्रांनो, शरमेने मला गुंडाळून घ्यावंसं वाटलं.

"अरे देवा, काय करून बसले मी!" काकूंनी घाबरून काकांना व्हिडिओ कॉल लावला.

"अगं, जिल्हा उन्हात कशाला काढलास? आणि ताटात काय आहे ते?"

"पापड! शाई पापडाला लागली असणार, पण कुठल्या ते काय माहीत? ऐंशी आहेत!"

"मग ऐंशीच्या ऐंशी बघा!" काका तिकडून ओरडले.

दोघी एकेक पापड उन्हात धरून बघायला लागल्या. एक जंगलावरचा, एक दलदलीवरचा, कोरेच सगळे. चोपन्नावा पापड काचेसारखा आरपार होता, आणि त्यात सात जांभळी अक्षरं. गालिनाने ती मोठ्याने वाचली. मग ती हसली, आणि हसता हसता हुंदके द्यायला लागली. काकूही रडल्या.

"हा मात्र तळायचा नाही हं," काकूंनी बजावलं आणि तो पापड तिच्या हातात दिला. मग फ्रीझरचे डबे ओळखायचं मार्कर आणून माझ्यावरचा पांढरा डाग दाखवत म्हणाल्या, "याच्यावर तूच लिही."

गालिनाने नाव लिहिलं. पण ती तिथे थांबली नाही. घर काढलं, विहीर काढली, शेजारच्या बाईचे हंस, शाळा, पडलेला पूल, आईची बसायची पायरी. जंगल संपलं, दलदल संपली, तरी तिचा हात चालूच. दोन घरांचं गूस्कीनो आता जिल्ह्याच्या मुख्य ठाण्यापेक्षा मोठं दिसतं. काका परत आले, चष्मा लावून बराच वेळ बघत राहिले आणि जन्मात पहिल्यांदा त्यांनी आकडा सांगितला नाही.

मित्रांनो, जुन्या नकाशावर काही ओलं घालू नका, एवढं माझं ऐका. आणि घरातलं म्हातारं माणूस नकाशावर नसलेल्या गावाचं नाव घेईल, तेव्हा फोनमध्ये शोधत बसू नका. त्याच्या हातात मार्कर द्या, आणि जागा भरपूर ठेवा.